साठ कप्प्यांच्या पेटीतली नेमकी कुठली डिस्क काढायची? कमांड लाइनवरून एन्क्लोजरशी बोलण्याबद्दल

दिवेलागण

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्याकडे बिघडलेल्या डिस्कऐवजी शेजारची धडधाकट डिस्क उपटली गेली. काढायला मीच सांगितलं होतं. त्यानंतर सवड काढून एकच गोष्ट नीट शिकले: डिस्क कुठे आहे हे आपण बोटांवर मोजायचं नाही, ज्या पेटीत ती बसली आहे त्या पेटीलाच विचारायचं. जे हाती लागलं ते इथे सविस्तर मांडते. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.

आधी झालं काय ते. चित्रीकरणाचं कच्चं फुटेज ठेवायला आमच्याकडे ६० डिस्कचं एक जेबॉड आहे, म्हणजे नुसत्या डिस्क ठेवायची पेटी (एन्क्लोजर). ४ यू उंचीचं, ड्रॉवरसारखं पुढे ओढून वरून डिस्क घालायच्या, मागे दोन आयओ मॉड्यूल, लिनक्स सर्व्हरला सॅस (डिस्क जोडायची एक पद्धत) केबलने जोडलेलं. वर झेडएफएस ही फाइल सिस्टिम, दहा-दहा डिस्कचे सहा रेडझेड२ गट (एका गटातल्या दोन डिस्क गेल्या तरी चालतं), सगळे मिळून एक पूल. शनिवारी रात्री मेल आला की एक डिस्क फॉल्टेड आहे. मी घरी, सहकारी ऑफिसात. घरून लॉगिन करून पाहिलं तर स्लॉट १७. फोनवर म्हटलं, "सतरा नंबर काढ." त्याने ड्रॉवर ओढला, स्टिकरवरचा १७ शोधला, खटका दाबला आणि डिस्क वर घेतली. माझ्या स्क्रीनवर त्याच गटातली दुसरी, चांगली डिस्क गायब झाली.

पेटीचं फर्मवेअर ० पासून मोजतं, पत्र्यावरचं स्टिकर १ पासून. फर्मवेअरचा १७ म्हणजे स्टिकरवरचा १८.

डिस्क लगेच परत बसवली. झेडएफएसने मधल्या वेळात लिहिलेलं तेवढंच भरून काढलं, त्यामुळे रिसिल्व्हर, म्हणजे ही भरपाई, दोनेक मिनिटांत आटोपलं. पण त्या दोन मिनिटांत त्या गटातली आणखी एक डिस्क जरी अडखळली असती, तरी पूर्ण पूल गेला असता.

आता मुद्द्याचं. अशा पेटीत एक छोटा प्रोसेसर असतो. पंखे, पॉवर सप्लाय, तापमान, प्रत्येक कप्प्यावरचा दिवा हे सगळं त्याच्या ताब्यात. सर्व्हरला तो डिस्कसारखाच एक स्कझी डिव्हाइस म्हणून दिसतो, फक्त त्याचा प्रकार वेगळा. त्याच्याशी बोलायची भाषा म्हणजे स्कझी एन्क्लोजर सर्व्हिसेस, थोडक्यात सेस. टी१० समितीचं मानक आहे, त्यामुळे पेटी कुणाचीही असली तरी बोलायची रीत तीच. लिनक्सवर यासाठी एसजी३_युटिल्स हे पॅकेज टाका. डग्लस गिल्बर्ट यांनी लिहिलेलं आहे, जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोमध्ये मिळतं. त्यातली आपल्या कामाची कमांड एसजी_सेस.

पहिली पायरी, पेटी शोधा:

एलएसएससीएसआय -जी

यादीत डिस्कच्या ओळी दिसतील आणि एखाद-दुसऱ्या ओळीत प्रकाराच्या जागी "एन्क्लोसू" असं अर्धवट तुटलेलं नाव दिसेल. ती पेटी. ओळीच्या शेवटी तिचा पत्ता, उदाहरणार्थ /डेव्ह/एसजी४२. माझ्याकडे अशा दोन ओळी आल्या, कारण आयओ मॉड्यूल दोन आहेत आणि दोन्हींना केबल आहे. पेटी एकच, दारं दोन. पहिल्यांदा पाहताना मी दोन पेट्या समजून घोळ घातला होता, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरी पायरी:

एसजी_सेस --जॉइन /डेव्ह/एसजी४२

सेसची माहिती पानांत विभागलेली असते. पान १ मध्ये पेटीत काय काय भाग आहेत, पान २ मध्ये प्रत्येकाची आत्ताची स्थिती, पान ७ मध्ये भागांची नावं, आणि हेक्समधल्या ए क्रमांकाच्या पानावर कुठल्या कप्प्यात कुठल्या सॅस पत्त्याची डिस्क बसली आहे ते. जॉइन हे सगळं एकत्र करून कप्प्याकप्प्याने छापतं. आउटपुट लांबलचक येतं, फाइलमध्ये साठवून निवांत वाचा.

एका कप्प्याचा मजकूर जवळून बघू. वर नाव, पुढे चौकटी कंसात दोन आकडे, खाली स्थिती ओके, प्रेडिक्टेड फेल्युअर शून्य, आयडेंट (ओळखीचा दिवा) शून्य, फॉल्ट शून्य. त्याखाली "डिव्हाइस स्लॉट नंबर" आणि त्याखाली दोन पत्ते: एक "अटॅच्ड सॅस अ‍ॅड्रेस", दुसरा नुसता "सॅस अ‍ॅड्रेस". मी आधी पहिलाच पकडला आणि साठही कप्प्यांत तोच पत्ता बघून गोंधळले. तो पेटीतल्या एक्स्पांडरचा, म्हणजे एका केबलवर अनेक डिस्क जोडणाऱ्या चिपचा पत्ता. डिस्कचा तो दुसरा. हा दुसरा पत्ता /सिस/ब्लॉक/एसडीएक्स/डिव्हाइस/सॅस_अ‍ॅड्रेस या फाइलशी जुळवला की कुठला एसडी कुठल्या कप्प्यात, याचा हिशेब पक्का झाला.

तिसरी पायरी, दिवा:

एसजी_सेस --डेव्ह-स्लॉट-नम=१७ --सेट=आयडेंट /डेव्ह/एसजी४२

त्या कप्प्याचा दिवा लुकलुकायला लागतो. काम झालं की सेटच्या जागी क्लिअर. नुसतं --इंडेक्स=१७ सुद्धा चालतं, पण इंडेक्स म्हणजे यादीतला क्रम. तो आणि स्लॉट नंबर एकच असतील असं धरून चालू नका. सगळ्यात खात्रीचं म्हणजे --सॅस-अ‍ॅडर= देऊन थेट डिस्कच्या पत्त्यावर दिवा लावणं. तिथे मोजणीचा प्रश्नच उरत नाही.

त्या रात्री ही एक ओळ मला ठाऊक असती, तर फोनवर आकडा सांगावाच लागला नसता. "लुकलुकतोय तो काढ" एवढं पुरलं असतं.

पाटीवरचा_खडू

फार उपयोगी धागा. मी आजवर वेगळीच युक्ती वापरत आलोय. डीडी ही कॉपी करायची कमांड लावून त्या डिस्कवरून सलग वाचत राहायचं आणि रॅकपाशी जाऊन कुठला हिरवा दिवा अखंड चमकतोय ते बघायचं. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, पेटीचं फर्मवेअर भिकार असलं तरी चालतं. यात काही चुकतंय का?

दिवेलागण

चुकत नाही, मीसुद्धा वापरलीय. अडचण दोन ठिकाणी येते. डिस्क पुरती मेली असेल तर वाचणार कशावरून? मग उलटं करावं लागतं: बाकी सगळ्यांवरून वाचायचं आणि कुठला दिवा गप्प आहे ते शोधायचं. साठ दिव्यांत एक गप्प दिवा शोधून बघा, आणि हॉट स्पेअर (राखीव डिस्क) ठेवले असतील तर तेही आधीच गप्प बसलेले असतात. दुसरं म्हणजे पूल आधीच अधू असताना आणि रिसिल्व्हर चालू असताना सगळेच दिवे चमकत असतात.

पण दुसरा साक्षीदार म्हणून तुमची युक्ती चांगलीच. पेटी सांगतेय कप्पा १७, डीडी लावल्यावर चमकतोय तोच कप्पा, म्हणजे दोघांचं एकमत. मग हात लावायचा.

सोल्डरगन

मी बरीच वर्षं याच कामात आहे. दिवेलागण ताईंनी लिहिलंय ते सगळं बरोबर, थोडी भर घालतो.

एसजी_सेस नसेल किंवा रूटवर नवीन पॅकेज टाकायची परवानगी नसेल, तर कर्नलमध्येच सोय आहे. "सेस" नावाचं मॉड्यूल लोड झालेलं असेल तर /सिस/क्लास/एन्क्लोजर/ मध्ये प्रत्येक पेटीची एक डिरेक्टरी, तिच्यात प्रत्येक कप्प्याची एक. आत लोकेट, फॉल्ट, स्टेटस, स्लॉट अशा छोट्या फाइली. लोकेटमध्ये १ लिहिलं की दिवा लागतो, ० लिहिलं की विझतो. कप्प्यात डिस्क असेल तर "डिव्हाइस" नावाची लिंक थेट त्या डिस्ककडे जाते, म्हणजे पत्ते जुळवायची यातायातही वाचते. कप्प्याच्या नावात बऱ्याचदा स्पेस असते, पाथ अवतरणचिन्हांत घाला. डिरेक्टरी रिकामी दिसली तर आधी मॉडप्रोब सेस करून बघा.

एलईडीसीटीएल हाही सोपा मार्ग. इंटेलच्या लेडमॉन पॅकेजमधली कमांड. तिला कप्पा सांगावा लागत नाही, थेट डिस्कचं नाव द्यायचं:

एलईडीसीटीएल लोकेट=/डेव्ह/एसडीके

विझवायला लोकेट_ऑफ=. पेटी सेसवाली असो किंवा साध्या बॅकप्लेनवर एसजीपीआयओच्या तारांनी दिवे जोडलेले असोत, खालचा फरक ती स्वतः सांभाळते.

आता दिव्यांच्या भाषेबद्दल, कारण रॅकपुढे उभं राहिल्यावर हेच लागतं. आयबीपीआय नावाची एक पद्धत ठरलेली आहे. त्यानुसार लोकेट म्हणजे सेकंदाला चार वेळा भरभर लुकलुक. रीबिल्ड म्हणजे सेकंदाला एकदा सावकाश. फॉल्ट म्हणजे न लुकलुकता सलग पेटलेला. आणि डिस्क जायच्या बेतात आहे असा इशारा म्हणजे दोनदा झटपट, मग थोडा विसावा, पुन्हा दोनदा. सगळ्या पेट्या हे तंतोतंत पाळतात असं नाही. म्हणून नवी पेटी आली की पहिल्याच दिवशी, आत डेटा नसताना, एकेक दिवा लावून तो कसा दिसतो ते फोनवर चित्रित करून ठेवतो. आमच्या विकीवर प्रत्येक मॉडेलचा असा एक छोटा व्हिडिओ आहे.

सातवा_मजला

माझा प्रश्न लहान आहे. घरी चार डिस्कचा एक सर्व्हर आहे, मुलांचे फोटो आणि बाबांच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी त्यात आहेत. एलएसएससीएसआय चालवलं, एन्क्लोसूची ओळच नाही. म्हणजे माझ्याकडे यातलं काहीच चालणार नाही का?

सोल्डरगन

ओळ नाही म्हणजे तुमच्या कॅबिनेटमध्ये तो छोटा प्रोसेसर नाही. डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडलेल्या असणार. एलईडीसीटीएल एकदा चालवून बघा, काही बोर्डांवर साटा कंट्रोलरमार्फत दिवे लागतात. पण घरगुती कॅबिनेटमध्ये बहुतेक वेळा तशी तारच ओढलेली नसते.

तुमच्यासाठी जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे कागद. स्मार्टसीटीएल -आय /डेव्ह/एसडीए चालवा, सिरियल नंबर येईल. चारही डिस्कचे नंबर उतरवा, सर्व्हर बंद करा, एकेक ट्रे बाहेर काढून त्या डिस्कच्या लेबलवरचा नंबर जुळवा आणि शेवटचे चार आकडे ट्रेच्या पुढच्या बाजूला चिकटवा. पुढे कुठली गेली हे सिरियलवरून कळेल, दिव्याची गरजच पडणार नाही. पूल बनवताना एसडीए, एसडीबी न वापरता बाय-आयडीची नावं वापरा, सिरियल नावातच असतो. एसडीची अक्षरं रीबूटनंतर बदलू शकतात.

बाबांच्या गाण्यांची एक प्रत दुसऱ्या घरीही ठेवा.

सातवा_मजला

आज संध्याकाळीच बसते लेबलं लावायला. एक प्रत पुण्याला बहिणीकडे आहे. आभार.

कोयनाकाठ

फ्रीबीएसडीवाल्यांसाठी लिहितो. या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ११.० आवृत्तीपासून सेसयुटिल ही कमांड मूळ सिस्टिममध्येच येते, वेगळं काही टाकायचं नाही.

सेसयुटिल शो

एवढं चालवलं की कप्प्याचं नाव, डिस्कचं नाव, मॉडेल, सिरियल नंबर आणि आकार असा आटोपशीर तक्ता समोर. सिरियल तक्त्यातच आहे, हे मला सगळ्यात आवडतं. दिव्यासाठी:

सेसयुटिल लोकेट डीए१७ ऑन

आणि काम झाल्यावर सेसयुटिल लोकेट ऑल ऑफ, म्हणजे सगळे दिवे एकदम बंद. ही शेवटची सवय लावून घ्या. आमच्याकडे एकदा आधीच्या कामाचा दिवा विझवायचा राहून गेला होता. तीन आठवड्यांनी दुसरी डिस्क गेली तेव्हा रॅकमध्ये दोन दिवे लुकलुकत होते, आणि रात्रपाळीचा मुलगा फोन करून विचारत होता की यातला कुठला. त्याने विचारलं हे नशीब.

निळी_वायर

आमच्या इथे हार्डवेअर रेड कार्ड आहे, त्यामुळे डिस्क लिनक्सला सुट्या दिसतच नाहीत. पेटीशी कार्डच बोलतं, आपण कार्डाशी बोलायचं. स्टॉरसीएलआय ही कार्डाशी बोलायची कमांड वापरणाऱ्यांसाठी:

स्टॉरसीएलआय /सी०/ईऑल/एसऑल शो

यात पेटीचा क्रमांक आणि कप्पा कळतो. मग

स्टॉरसीएलआय /सी०/ई८/एस३ स्टार्ट लोकेट

थांबवायला स्टॉप लोकेट. पेटीचा क्रमांक २५२ दिसला तर तो खऱ्या पेटीचा नाही. डिस्क थेट कार्डाला जोडल्या असतील तर कार्ड तो स्वतःच धरून चालतं.

असाच फसवा प्रकार नव्या एचबीए (डिस्क सर्व्हरला नुसत्या जोडून देणाऱ्या) कार्डांवरही दिसतो. एलएसएससीएसआयमध्ये एन्क्लोसूची ओळ येते, पण नाव "व्हर्च्युअलसेस" असतं. मी त्यावर अर्धा दिवस दिवा लावायची खटपट करत बसले होते. ते कार्डाने उभं केलेलं सोंग आहे, मागे खरी पेटी असेलच असं नाही. नावाचा रकाना आधी वाचा.

वाफाळता_कप

लई भारी धागा. माझं दुखणं वेगळं हाय. जुनं, वापरलेलं २४ डिस्कचं जेबॉड स्वस्तात घेतलं. चालतंय झकास, पण पंख्यांचा आवाज असा की शेजारचे काका विचारत्यात पिठाची गिरणी टाकली का. वेग कमी करता येतोय का कमांडीवरनं?

सोल्डरगन

करता येतो, पण जपून.

पंख्याच्या नोंदीत दोन गोष्टी असतात. एक प्रत्यक्ष वेग. हा आकडा दहाच्या पटीत असतो, म्हणजे ४८० दिसलं तर मिनिटाला ४८०० फेरे. एसजी_सेस स्वतः छापताना गुणून छापतं, पण --गेट=स्पीड_अ‍ॅक्ट असं नुसतं मूल्य काढलं तर दहाने गुणणं आपल्याकडे. दुसरी गोष्ट म्हणजे आपण मागू तो वेग, १ ते ७. १ सगळ्यात सावकाश, ७ सगळ्यात जोरात. पंख्याच्या नोंदीवर --सेट=स्पीड_कोड=२ देऊन बघा.

पुढे काय होईल ते पेटीवर अवलंबून. काही ऐकतात, काही मान डोलावतात आणि थोड्या वेळाने आपला मूळ वेग परत लावतात. ऐकणारी असेल तर पहिला तासभर समोर बसून डिस्कचं तापमान बघा, पेटीचं नव्हे. पेटीचा सेन्सर बऱ्याचदा हवेच्या वाटेवर असतो, मधल्या रांगेतली डिस्क त्याच्यापेक्षा पुष्कळ तापलेली असू शकते. स्मार्टसीटीएल प्रत्येक डिस्कचं तापमान देतं. आणि रिकाम्या कप्प्यांत रिकामे ट्रे घाला. उघड्या कप्प्यातून हवा निसटते आणि पंख्यांना उगीच जास्त फिरावं लागतं. कित्येकदा एवढ्यानेच आवाज उतरतो.

वाफाळता_कप

नऊ कप्पे उघडेच होते की! ट्रे आणून घालतो आधी, मग कमांडीचं बघू.

दिवेलागण

सोल्डरगन दादा, गुणाकाराचं सांगितलंत ते बरं केलंत, कारण तापमानालाही तसंच आहे आणि मी त्यात अडकले होते. सेसमध्ये तापमान एका बाइटमध्ये २० मिळवून ठेवलेलं असतं, म्हणजे शून्याखालचे आकडेही मावतात. कच्चा आकडा ४८ म्हणजे खरं तापमान २८ अंश. मी --गेट=टेम्पने आकडा उचलून थेट आलेखात टाकत होते. आलेखात पेटी आठवडाभर ५० अंशांच्या आसपास, आणि मी एसीवाल्यांना दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी पेटीच्या तोंडाशी आपलं थर्मामीटर धरून दाखवलं, ३०. तिथून शोध सुरू झाला. त्या माणसांची मी माफी मागितली.

पाटीवरचा_खडू

म्हणजे देखरेखीसाठीही वापरताय. तो भाग जरा लिहाल का? डिस्क गेली की झेडएफएस ओरडतं, पण पंखा किंवा पॉवर सप्लाय गेला तर कोण सांगणार?

सोल्डरगन

हाच खरा प्रश्न. माझा अनुभव सांगतो.

एका ठिकाणी यूपीएसची बॅटरी बदलायची म्हणून एका बाजूची वीज बंद केली. पेटीला दोन पॉवर सप्लाय, दोन वेगळ्या बाजूंनी वीज, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती. बटण दाबलं आणि अख्खी पेटी बसली. दुसऱ्या बाजूचा सप्लाय कधीचा मेलेला होता. पेटी रॅकमध्ये सगळ्यात खाली, मागच्या बाजूला, केबलींच्या जंजाळाआड. तिथला लाल दिवा बघायला कोण वाकणार? सप्लाय किती महिने बंद होता ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पेटी मात्र तितके महिने विचारणाऱ्याला खरं सांगायला तयार होती.

त्यानंतर दर पाच मिनिटांनी ही कमांड चालते:

एसजी_सेस --पेज=ईएस /डेव्ह/एसजी४२

सुरुवातीलाच पाच झेंडे एका ओळीत येतात: इनव्हॉप, इन्फो, नॉन-क्रिट, क्रिट, अनरिकव्ह. नॉन-क्रिट, क्रिट किंवा अनरिकव्ह यातला एकही १ झाला की मेल. बाकीचं आउटपुट वाचायची स्क्रिप्टला गरज नाही, ते माणसासाठी मेलला जोडून पाठवतो. प्रोमेथियस ही देखरेखीची प्रणाली वापरणारे याच आकड्यांची टेक्स्ट फाइल करून नोड एक्सपोर्टरला देऊ शकतात.

पॉवर सप्लायच्या नोंदीत एसी फेल आणि डीसी फेल हे दोन वेगळे झेंडे असतात, ते वेगळेच वाचा. एसी फेल म्हणजे सप्लायपर्यंत वीजच येत नाहीये: वायर सैल, एमसीबी पडलेला, पीडीयू (रॅकची वीजपट्टी) बंद. डीसी फेल म्हणजे वीज येतेय पण सप्लाय पुढे देत नाही, तो बदलायचा. पहिल्यासाठी इलेक्ट्रिशियन, दुसऱ्यासाठी विक्रेता. रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं ते या एका बिटवरून ठरतं.

एसजी४२ हा क्रमांक रीबूटनंतर बदलू शकतो. स्क्रिप्टमध्ये तो थेट लिहू नका, दर वेळी एलएसएससीएसआयमधून एन्क्लोसूची ओळ शोधा. आणि दोन आयओ मॉड्यूल असतील तर दोन्हींना विचारा. एक मॉड्यूल गप्प झालं, हीसुद्धा बातमीच आहे.

निळी_वायर

पेटी सतत पिंपिं करत असेल तर अलार्मच्या नोंदीवर म्यूटचा बिट असतो, तो सेट करा. आवाज थांबतो, बिघाडाची नोंद तशीच राहते. सर्व्हर रूममध्ये कानात बोटं घालून काम करण्यापेक्षा बरं.

कोयनाकाठ

एक इशारा द्यावासा वाटतो, कारण इथे नवीन मंडळीही वाचत असतील. याच एसजी_सेसमध्ये डेव्हऑफ नावाचा बिट आहे. तो सेट केला की त्या कप्प्याची वीजच तुटते. अडकलेली डिस्क बंद करून चालू करायला कामाचा आहे, पण स्लॉट नंबर चुकला तर चालू डिस्क अंधारात. तसंच फर्मवेअर भरायचं पान आहे, ते विक्रेत्याच्या सूचनेशिवाय उघडूच नका. वाचायच्या कमांड हव्या तितक्या चालवा, सेट लिहिताना मात्र ओळ दोनदा वाचा.

दिवेलागण

अगदी. मी आता सेट चालवण्याआधी तीच ओळ --गेट=आयडेंट लावून एकदा चालवते. शून्य आलं तर कप्पा ओळखला गेलाय आणि दिवा बंद आहे. मग वरचा बाण दाबून त्याच ओळीत गेटचं सेट करते. नंबर पुन्हा टाइप करावाच लागत नाही.

साटा डिस्क वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. सॅस डिस्कला तिचा स्वतःचा पत्ता असतो, तो डिस्कसोबत फिरतो. साटा डिस्कला एक्स्पांडर आपल्या बाजूने पत्ता देतो, म्हणजे तो खरं तर कप्प्याचा असतो. डिस्क १७ मधून २० मध्ये हलवली की पत्ता बदलतो. त्यामुळे साटा असेल तर पत्त्यांची जुनी यादी जपून ठेवण्यात अर्थ नाही, सिरियल नंबरच जपा. सॅसमध्येही डिस्कचा डब्ल्यूडब्ल्यूएन (तिचा एकमेव ओळख-क्रमांक) आणि तिच्या पोर्टचा पत्ता शेवटच्या अंकात वेगळे असतात. तंतोतंत जुळले नाहीत म्हणून घाबरू नका.

पाटीवरचा_खडू

झेडएफएसला सांगून दिवा आपोआप लावता येतो का? डिस्क फॉल्टेड झाली की तिकडे लाल दिवा, असं?

दिवेलागण

येतो. झेड नावाची त्याची सेवा आहे, तिच्या झेड.आरसी फाइलमध्ये झेड_यूज_एन्क्लोजर_एलईडीज=१ करायचं. डिस्क फॉल्टेड किंवा डिग्रेडेड झाली की फॉल्टचा दिवा लागतो, बरी झाली की विझतो. सोल्डरगन दादांनी सांगितलेलं कर्नलचं सेस मॉड्यूल त्यासाठी लोड असावं लागतं. आणि झेडपूल स्टेटस -सी स्लॉट,फॉल्ट_एलईडी,लोकेट_एलईडी असं चालवलं की पूलच्या यादीतच प्रत्येक डिस्कपुढे कप्पा आणि दिव्यांची स्थिती येते. हा रकाना बघितल्यापासून मी वेगळा तक्ता ठेवणं बंद केलं.

दिवेलागण

धागा काढून आठ दिवस झाले, आणि काल रात्री पुन्हा एक डिस्क गेली, म्हणून झालं ते तसंच लिहिते.

मेल आला ११ वाजून १० मिनिटांनी. ऑफिसात तोच सहकारी, मी घरी. आधी पूलची स्थिती पाहिली: तिसऱ्या गटातली एक डिस्क फॉल्टेड, बाकी सगळ्या ऑनलाइन. तिचा सॅस पत्ता घेतला, पेटीला विचारलं, स्लॉट ३४. फॉल्टचा दिवा झेडने आधीच लावला होता. मी पत्त्यावरून आयडेंटही लावला. सहकाऱ्याला आकडा सांगितलाच नाही. विचारलं, काय दिसतंय? तो म्हणाला, "एकच भरभर लुकलुकतोय, मागून दुसऱ्या रांगेत, स्टिकर ३५." म्हटलं, खटका दाब, पण डिस्क पूर्ण वर घेऊ नकोस. अर्धा मिनिट थांब, चकत्या थांबू देत, मग उचल आणि लेबल वाच. त्याने सिरियलचे शेवटचे चार आकडे वाचले, माझ्या स्क्रीनवर तेच होते.

नवी डिस्क बसवली, ड्रॉवर आत ढकलला, झेडपूल रिप्लेस दिलं. नव्या डिस्कचा सिरियल त्याने बसवण्याआधीच वाचून दाखवला होता, तोही स्क्रीनवर जुळला. रिसिल्व्हर आत्ता ६२ टक्क्यांवर आहे. झोपायच्या आधी --क्लिअर=आयडेंट चालवलं आणि त्याला फोन करून विचारलं, दिवा विझला का. विझला होता.